सात देव, पाच दिवस

यादी बायकोनं केली, फेब्रुवारीच्या फाडलेल्या कॅलेंडरच्या पाठीवर. हरिहरेश्वर, केळशीची महालक्ष्मी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, गुहागरचा व्याडेश्वर, हेदवीचा दशभुज, गणपतीपुळे आणि कशेळीचा कनकादित्य. प्रत्येकापुढं पोचायची वेळ. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं तर कोकणातले देव करीन, असं ती बोलून बसली होती. ऑपरेशन नीट झालं. देव काही थकबाकी मागत नव्हते, पण हिला झोप लागेना.

यादीच्या तळाशी माझ्या अक्षरात एकच ओळ होती : 'बंड्या, जेवण, दोन तास.'

बंड्या माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आमचं घर राजापूर तालुक्यात, आडिवऱ्याच्या जवळ एका वाडीत. तिथं तो, त्याची बायको, चाळीसेक कलमं आणि एक म्हैस. कशेळीहून जाताना घर वाटेतच लागतं. टाळता आलं नसतं, म्हणून दोन तास.

पहिला दिवस : पुणे ते हरिहरेश्वर

सहाला निघालो. ताम्हिणीत पळस पेटला होता. पावसाळ्यात जिथं गाडी लावायला जागा मिळत नाही त्या धबधब्यांच्या जागी नुसते काळे ओघळ. माणगावला मिसळ खाल्ली, तिच्याबद्दल न लिहिलेलं बरं. म्हसळ्यावरून खाली उतरून बाराच्या आत हरिहरेश्वर गाठलं.

इथली रीत ठरलेली. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. पेशव्यांचं हे कुलदैवत. त्यांचं श्रीवर्धन इथून फार लांब नाही. देवळामागून प्रदक्षिणेची वाट निघते, डोंगराच्या खिंडीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि थेट समुद्राच्या खडकांवर जाते. लाटांनी तो खडक असा काही पोखरलाय की मधाचं पोळं उभं करून ठेवल्यासारखा दिसतो. ही प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची. भरतीत तिथं माणसं गेली आहेत, तशी सूचनाही लावलेली आहे.

नव्या गुडघ्यानं त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण पायऱ्या बघून हिनंच ठरवलं. "तुम्ही करून या. अर्धं पुण्य माझं." मी खडकांवरून तोल सांभाळत जाऊन आलो. पुण्याचं माहीत नाही, चपलेचा अंगठा तुटला.

रात्री एका घरगुती खानावळीत जेवलो. बाई मागच्या पडवीत पाटावर बसून उकडीचे मोदक करत होत्या. डाव्या हाताच्या तळव्यावर पारी, उजव्या हाताची तीन बोटं, आणि मुखऱ्या अशा भराभर पडत होत्या की मोजायला गेलो तर मोदक मिटूनही जायचा. बोलणं आमच्याशी, लक्ष चुलीकडं, बोटं त्यांची त्यांची चाललेली.

बायको म्हणाली, "तुम्हाला रोज दर्शन घडत असेल. केवढं भाग्य!"

"छे हो. महाशिवरात्रीला गेले होते ती शेवटची. सकाळचा नाश्ता, दुपारची तीस पानं, रात्रीची वीस. कधी जायचं? आणि तो काय, कुठं पळून जातोय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "त्याच्याकडे येणाऱ्यांचं जेवणखाण मीच बघत्ये ना. त्याला कळतं ते."

खोलीवर आल्यावर बायको म्हणाली, "पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय." मी म्हटलं, विकतंय की, दुपारी तीस पानं आणि रात्री वीस. तिला ते आवडलं नाही. तिनं यादीत पहिल्या नावापुढं खूण केली आणि दिवा मालवला.

दुसरा दिवस : केळशी, आंजर्ले, मुरूड

बागमांडल्याहून वेश्वीला गाड्या नेणारी फेरीबोट आहे. सावित्रीची खाडी इथं समुद्राला मिळते. अलीकडं रायगड जिल्हा, पलीकडं रत्नागिरी. शिमगा नुकताच झाला होता. झाला म्हणजे होळी पेटून गेली होती. कोकणात खरा शिमगा त्यानंतर गावोगाव चालू राहतो. बोटीत मुंबईचे चाकरमानी होते. एकाच्या मांडीवर नवा ताशा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला, आणि तो त्याला लहान मूल धरावं तसा धरून बसला होता.

वेळास हे नाना फडणविसांचं गाव. आता तिथं लोक कासवं बघायला जातात. समुद्रातून आलेली मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते, गावातली मुलं ती घरटी राखतात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. सोडण्याची वेळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. आम्ही पोचलो दहाला. रिकामी टोपली बघितली आणि निघालो.

केळशीच्या महालक्ष्मीचं देऊळ मला आवडलं, कारण तिथं कोणी नव्हतं. शांत आवार, आणि एक मांजर थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर. पुजारी तिला हाकलत नव्हते. गावात याकूबबाबांचा दर्गाही आहे, ज्याला शिवाजी महाराजांनी इनाम दिलं होतं. तो यादीत नव्हता. लांबून हात जोडले.

आंजर्ल्याचा गणपती आधी खाली किनाऱ्यावर होता म्हणतात. समुद्र आत आला, देऊळ गेलं आणि देव वर कड्यावर येऊन बसला. चढताना टेकलेलं पाऊलही दाखवतात. घर पाण्यात गेलं म्हणून वर जाऊन राहणं हे कोकणातल्या कोणालाही समजेल असं कारण आहे. देव उजव्या सोंडेचा, म्हणजे कडक. बायकोनं आत जाण्यापूर्वी पाय दोनदा धुतले. वरून खाली बघितलं की नारळी-पोफळीच्या शेंड्यांचं हिरवं जाजम, पलीकडं समुद्र आणि त्यात सुवर्णदुर्ग. त्या दृश्यासाठी नास्तिकानंही तो चढ चढावा.

संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव बघितला. बायको नाकाला पदर लावून गाडीतच बसली. तिचे देवाचे दिवस होते. मुरूडला ज्या लॉजवर उतरलो तिथं रात्री नऊला पाणी गेलं ते सकाळी सातला आलं. नाव लिहीत नाही.

तिसरा दिवस : दाभोळ, गुहागर, हेदवी

दाभोळला धोपाव्याच्या फेरीबोटीला वेळ होता म्हणून चंडिकेला गेलो. यादीत नसलेली देवी. जमिनीखाली गुहा, आत विजेचा दिवा नाही, फक्त तेलाचे. वाकून शिरायचं. दोन पावलांवर डोळ्यांना काही दिसेना. पुढून आवाज आला, "मान खाली. आता डावीकडं. बाई, हात द्या." मला देवीचा मुखवटा पुरता दिसलाच नाही. दिसला तो समईशेजारी पुढं आलेला एक हात, मनगटापर्यंत उजेडात आणि बाकी अंधारात. तो धरून ही आत गेली, तोच धरून बाहेर आली. बाहेरच्या उन्हात डोळे मिचकावत म्हणाली, "गुडघा अजिबात दुखला नाही." पुजाऱ्यांचा चेहरा कसा होता ते दोघांनाही सांगता येणार नाही.

वाशिष्ठीची खाडी ओलांडून गुहागर. व्याडेश्वर म्हणजे शिवपंचायतन : मधे शंकर, भोवती सूर्य, गणपती, अंबिका आणि विष्णू यांची देवळं. कित्येक कोकणस्थ घरांचं हे कुलदैवत. अभिषेकाला पुण्या-मुंबईची माणसं नंबर लावून बसलेली. खूण झाली.

आणि पालशेत सोडल्यावर टायर बसला.

स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. चूक माझी; निघण्यापूर्वी बघायची असते. दुपारचे दोन. एका बाजूला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला काजूची झाडं आणि मोबाईलला एक दांडी, तीही उडी मारणारी. बायको गडग्यावर बसली आणि काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

वीस मिनिटांनी मोटरसायकलवरून एक माणूस आला. पुढं जाऊन थांबला, वळून परत आला. खाली वाकून टायर बघितला, स्टेपनी दाबून बघितली, मान हलवली. त्याच्या गाडीला मागं पोतं बांधलेलं होतं. ते सोडून त्यानं आमच्या पायाशी ठेवलं, म्हणाला, "ह्याच्याकडं वाईच लक्ष ठेवा." टायर काढला, सुंभानं सीटवर आवळला आणि गेला. आमचा टायर त्याच्याकडं, त्याचं पोतं आमच्याकडं. पोत्यात काय होतं कोण जाणे, पण मुंग्या येत होत्या आणि बायको त्या पदरानं झटकत होती.

त्याला दीड तास लागला. पंक्चरवाला जेवायला गेला होता, त्याला घरून उठवून आणलं म्हणाला. टायर चढवला, नट पायानं दाबून आवळले. मी पाकीट काढलं. त्यानं पंक्चरचे तेवढे घेतले, बाकीचे माझ्या खिशात परत घातले.

बायकोचा आवाज भरून आला. "अगदी देवासारखे धावून आलात हो!"

तो दचकलाच. "देव कसला वहिनी. मी पोल्ट्रीत असतो कामाला. आज उशीर झाला, आता शिव्या खायच्यात." तिनं व्याडेश्वराच्या प्रसादाचा अर्धा नारळ त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो कपाळाला लावून पोत्यावर ठेवला, पोतं बांधलं आणि शिव्या खायला गेला.

हेदवीपर्यंत ती तीनदा म्हणाली, देवमाणूस होता. रेंज आल्यावर बहिणीला फोन करून सांगितलं, मग मुलीला सांगितलं. मीही मान डोलावली. खरंच होता.

हेदवीचा दशभुज संगमरवरी, दहा हातांचा, पेशवाईतला म्हणतात. खाली समुद्राकाठी बामणघळ आहे. खडकाला उभी चीर पडलेली, भरतीची लाट त्या चिरेत शिरते आणि कोंडली की कारंज्यासारखी उसळून वर येते. आम्ही गेलो तेव्हा भरती अर्धीच होती. पाणी आत जाऊन गुरगुरत होतं, वर येत नव्हतं. अर्धा तास वाट बघितली. मग भूक लागली.

चौथा दिवस : गणपतीपुळे, पावस

तवसाळहून जयगडला तिसरी फेरीबोट. या बोटी नसत्या तर खाड्यांना वळसे घालण्यातच आमचे पाच दिवस संपले असते.

गणपतीपुळ्याला दर्शनाची रांग मोठी होती. रांगेबद्दल मी लिहिणार नाही, सगळ्यांना माहीत आहे. इथं अख्खा डोंगरच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नसून डोंगराला. साधारण किलोमीटरभराची फरसबंद वाट आहे. बायको हळूहळू चालत होती, मी तिच्या मागं. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आली, उलट्या दिशेनं. "अहो, प्रदक्षिणा अशी नसते," ही म्हणाली. बाई थांबलीसुद्धा नाही. "माझं घर तिकडं आहे," म्हणाली आणि गेली. डोंगरच देव म्हटल्यावर, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशीच राहायचं म्हटल्यावर, डावं-उजवं ते काय पाळणार? तिच्या भाऱ्यातलं गवत मात्र त्याच डोंगरावरचं असावं. देवाच्या अंगावरचं गवत म्हशीला.

रत्नागिरीत जेवलो, आणि पतितपावन मंदिर बघितलं. १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी ते सावरकरांच्या पुढाकारानं बांधलं, सर्व जातींना खुलं असलेलं. 'सर्वांना खुलं' हे देवळाबाबत मुद्दाम सांगावं लागायचं, त्याला अजून शंभर वर्षंही झाली नाहीत. कितीतरी पिढ्या देवळाच्या पायऱ्या घडवणारी माणसं पायरीखालीच राहिली. बायको म्हणाली, चला, पावसला अंधार होईल.

पावस यादीत नव्हतं, वाटेत होतं. स्वामी स्वरूपानंदांची समाधी. १९०३ साली जन्मलेले हे गोडबोले. तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगात गेले. पुढं मोठ्या दुखण्यातून उठले ते देसायांच्या घरी, अनंत निवासात. १९७४ मध्ये देह ठेवला तोवर जवळजवळ चाळीस वर्षं तिथंच राहिले. मठ नाही, फिरणं नाही, व्याख्यानं नाहीत. एका चालत्या घरातली एक खोली.

ती खोली बघताना मी स्वामींचा विचार करत नव्हतो, खरं सांगायचं तर. मी देसायांच्या घरातल्या बायकांचा विचार करत होतो. घरी आलेला माणूस साधू आहे हे पहिल्या आठवड्यात कोणालाही दिसेल. दुसऱ्या वर्षीही दिसेल. पण चाळीस वर्षं? सकाळचं पाणी तापवायचं, पथ्याचं वेगळं करायचं, भेटायला येणाऱ्यांची उठबस, पावसाळ्यात न वाळणारी धोतरं. घरात मुलं होत असणार, लग्नं, आजारपणं, भांडणंही होत असणार, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हा कृश माणूस खोलीत बसलेला. एवढ्या सवयीच्या माणसात रोज देव दिसत राहणं, मला वाटतं, हिमालयात जाण्यापेक्षा अवघड असेल. की दिसत नसेल रोज? नुसतं पाणी तापवत असतील?

हे मी रात्री बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "पाणी तापवणाऱ्याला एवढं सुचत नाही. सुचतं ते बसलेल्याला." आणि कूस बदलली.

पाचवा दिवस : कशेळी आणि घर

पूर्णगडचा पूल ओलांडून कशेळीला नऊलाच पोचलो. कनकादित्याची गोष्ट लहानपणी आजीनं सांगितलेली. सूर्याची मूर्ती घेऊन एक गलबत चाललं होतं, ते कशेळीच्या समुद्रात अडकलं, काही केल्या हलेना. मूर्ती किनाऱ्यावरच्या कपारीत ठेवली तेव्हा निघालं. ती कपार म्हणजे देवघळी. पुढं गावातल्या कनका नावाच्या नायकिणीला स्वप्न पडलं, मी इथं आहे म्हणून. तिनं गाव जमवून मूर्ती वर आणली आणि देवाला तिचं नाव लागलं. देवळाजवळ शिलाहार राजा भोजाचा ११९१ सालचा ताम्रपट आहे, तेव्हा देव जुना खराच. आजी सांगायची तेव्हा 'नायकीण' शब्दावर आवाज खाली यायचा. गावात एवढे शास्त्री-पंडित असताना देवानं स्वप्नासाठी नेमकी हीच का निवडली, असं मी विचारलं होतं. आजी म्हणाली होती, बाकीचे जागे असतील.

सातवी खूण झाली. सात देव, अकरा वाजायच्या आत. राहिला बंड्या.

तो अंगणात होता, अर्धी चड्डी आणि बनियन, हातात खराटा. अंगण सारवलेलं, कडेनं रांगोळीची रेघ, पडवीला आंब्याचं तोरण. "आलास? ये. वहिनी, सांभाळून हां, ओलं आहे." मला वाटलं आमच्यासाठी. तो म्हणाला, "आज पालखी आपल्याकडं. रात्री येईल, नऊ-साडेनऊ. तू तीनला जाणार म्हणालास ना?"

राहा असं म्हणाला नाही. त्यानं कधीच कोणाला राहा म्हटलेलं मला आठवत नाही. येणारा येतो, जाणारा जातो.

बंड्याबद्दल आमच्या घराण्यात सगळ्यांचं एकच वाक्य आहे : 'त्याला काय, रिकामाच असतो.' दहावीला दोनदा बसला, मुंबईत दोन वर्षं कुठंकुठं नोकऱ्या केल्या, परत आला. कोणाचा सातबारा काढायचाय, सांगा बंड्याला. घराची कौलं परतायचीत, बंड्या. मे महिन्यात मुलं पाठवायचीत, आंब्याच्या पेट्या हव्यात, बंड्या. आणि माझी आई पक्षाघातानं पडली तेव्हाही बंड्याच. मी तिला पुण्याला चल म्हटलं होतं. "तिसऱ्या मजल्यावर मरायला बोलावतोस?" म्हणाली. आली नाही. चार वर्षं इथं अंथरुणावर होती, दोन वर्षांमागं गेली. दर महिन्याच्या पाच तारखेला माझे पैसे यायचे. एकदाही चुकलो नाही, हे मी बऱ्याच जणांना सांगितलेलं आहे.

हात धुवायला मागीलदारी जाताना आईच्या खोलीत डोकावलो. खाटेवर आता आमसुलं पसरलेली होती, ऊन दाखवून आत आणलेली. वरच्या वाशाला एक दोरी बांधलेली, खाटेच्या मधोमध लोंबणारी. खालच्या टोकाला गाठ, आणि गाठीवर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून शिवलेली. पट्टी हातानं धरून धरून काळी, गुळगुळीत झालेली. मी ती धरून बघितली. हाताला मऊ लागली.

"ती ह्यांनी केलेली," बंड्याची बायको दारातून म्हणाली. तिच्या हातात नारळ आणि खवणी. "काकूंना कुशीवर वळताना धरायला. नुसती दोरी हाताला कापत होती, म्हणून लुगडं." ती खाली बसून खवायला लागली. "दर दोन तासांनी वळवायचो. रात्री हे, दिवसा मी. पाठीला खोबरेल लावून. डॉक्टर म्हणाले होते, चार वर्षं झोपून आहेत आणि पाठीला एक जखम नाही, असं बघितलं नाही."

मी काहीतरी म्हटलं. तुमचे उपकार वगैरे. ती खवत राहिली.

"शेवटी शेवटी ह्यांना तुमच्याच नावानं हाक मारायच्या. पहिले दोन-तीन दिवस हे सांगायचे, काकू, मी बंड्या. मग त्यांची तगमग व्हायची, रडायच्या. मग ह्यांनी सांगायचं सोडून दिलं. हाक आली की 'आलो गं आई' म्हणायचं आणि जायचं."

"किती दिवस?"

"झालं असेल वर्ष-सव्वा वर्ष."

त्या वर्षात मी दर रविवारी फोन करत होतो. बंड्या तिच्या कानाला लावायचा. मी म्हणायचो, आई, मी बोलतोय. ती म्हणायची, "कोण? माझा मुलगा इथं आहे. तुम्ही कोण?" मी ते म्हातारपणाच्या खात्यावर टाकलं होतं. पुण्यात सांगायचो, आईला आता ओळख राहिली नाही.

पालशेतच्या माणसाला आम्ही दीड तासात देवमाणूस केला. बहिणीला फोन, मुलीला फोन. चार वर्षं दर दोन तासांनी, हा हिशेब मी खाटेशेजारी उभ्या उभ्या करायला लागलो आणि मधेच सोडला.

जेवण साधं होतं. भात, कुळथाचं पिठलं, फणसाच्या कुयरीची भाजी, सोलकढी. तीन वाजले, साडेतीन वाजले. बायकोनं यादी पर्समधून काढली नाही, गाडीतल्या बॅगा मात्र स्वतः उतरवून घेतल्या. बंड्यानं ते बघितलं आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला.

पालखी यायला दहा वाजून गेले. आधी लांबून ढोल, मग गडग्यावर बॅटऱ्यांचे झोत, मग पोरं. चांदीची रुपं लावलेली, लाल-पिवळ्या साडीनं सजवलेली पालखी अंगणात शिरली आणि नाचायला लागली. बंड्या पुढच्या दांडीखाली होता. दिवसभर ज्या माणसाला मी 'अरे' म्हणून हाका मारल्या तो मला क्षणभर ओळखूच आला नाही. डोळे अर्धे मिटलेले, गळ्यातली शीर ताठ, आणि खांदा असा की त्यावर काही ओझं आहे असं वाटूच नये. त्याच खांद्यावरून, बायको मला कानात सांगत होती, तिला आजच कळलेलं, आईला तो दर शिमग्याला पाठकुळी घेऊन सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, न्यायचा.

पालखी पडवीत खुर्चीवर टेकवली. बायकांनी ओट्या भरल्या. गुरवाचा मुलगा गाऱ्हाण्याला उभा राहिला. विशीतला पोरगा, वडिलांना बरं नाही म्हणून यंदा पहिल्यांदाच. हातात आमच्या घरचा नारळ. "घरातल्या कर्त्याचं नाव?"

बंड्यानं माझं नाव सांगितलं. मी बघतच राहिलो, तर म्हणाला, "दरवर्षी तुझंच घेतात. मोठा तू."

चौदा वर्षं मी शिमग्याला आलो नव्हतो. चौदा वर्षं या पडवीत माझ्या नावानं नारळ फुटत होता आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणत होते.

"ह्या वर्षी बंड्याचं घ्या," मी म्हटलं.

"बंड्या कसं म्हणू देवापुढं?" पोरगा गोंधळला. "पूर्ण नाव सांगा ना."

मी तोंड उघडलं. त्याच्या बारशाला मी होतो, आठ वर्षांचा. घुगऱ्या खाल्ल्याचं आठवलं, पाळण्याला बांधलेली झेंडूची माळ आठवली. नाव येईना. ढोल थांबला होता, सगळी वाडी माझ्या तोंडाकडं बघत होती. बंड्या एक हात दांडीवर ठेवून दुसऱ्या हातानं पंच्यानं मान पुसत उभा होता.

"दादा, सांग काय ते लवकर," तो म्हणाला. "अजून अकरा घरं व्हायचीत."